जुन्या सायकली आणि चिखलदरा : दोन दिवसांची घरची सहल कोणत्या क्रमाने करावी

दिवाळी झाली की आमच्या भागात कोणी ना कोणी विचारतंच, "वहिनी, तुम्ही सायकली पाहून चिखलदऱ्याला गेल्ता ना, कसं जमवलं?" मी सांगते. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन नेमकं उलटं करतात. आधी चिखलदरा, म्हणजे मेळघाटातलं थंड हवेचं गाव, मग उतरताना वाटेत जुन्या सायकलींचं प्रदर्शन. घाट उतरेपर्यंत लेकरं ओकून अर्धमेली झालेली असतात, म्हाताऱ्यांचे पाय सुजलेले असतात, आणि प्रदर्शनाच्या दारात पोचावं तर माणसं सायकलींवर चादरी टाकत असतात.

आमची पहिली सहलही अशीच वाया गेली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, सव्वीस वर्षं बावीस इंची हर्क्युलिस सायकलवर दुधाचे कॅन लटकवून गावातून तालुक्याला दूध नेलं. ते प्रदर्शन खरं तर त्यांच्यासाठीच होतं. त्यांना आम्ही तिथं संध्याकाळी साडेपाचला नेलं. घाटातल्या वळणांनी थकलेल्या माणसाला खुर्ची दिली, तिथंच त्यांचा डोळा लागला. सायकली आम्हीच पाहिल्या आणि आम्हाला त्यातलं काही कळलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे. ही सहल घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या सकाळीभोवती आखायची. सकाळी त्यांच्या गुडघ्यात जोर असतो आणि बोलायची हौस असते. म्हणून सायकली सकाळी, सपाटीवर. जेवण झालं की ते गाडीत डुलकी घेतात, तो वेळ घाटाला. मुक्काम वर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पॉइंट, आणि उजेड असताना खाली. पुढचे सगळे टप्पे या क्रमावर बसवले आहेत. एक टप्पा मागेपुढे केलात तर बाकीचे कोसळतात.

टप्पा १ : तारीख धरणं

तारीख प्रदर्शन ठरवतं. चिखलदरा कुठं जात नाही. आपल्याकडे जुन्या सायकलींचं कायमचं संग्रहालय जवळपास नाही, पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, पण ती वेगळी, लांबची सहल झाली. इकडे एखादा हौशी माणूस आपल्या सायकली शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात दोन-तीन दिवस मांडतो, किंवा स्नेहसंमेलनात, सव्वीस जानेवारीला एखादी खोली सायकलींना देतात. म्हणून कानावर आलं की लगेच ज्याच्या सायकली आहेत त्यालाच फोन करा. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रावर विसंबू नका. चार गोष्टी विचारा: किती दिवस आहे, सकाळी किती वाजता उघडतं, म्हाताऱ्यांना बसायला खुर्च्या आहेत का, आणि तो स्वतः सकाळी तिथं असतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मालक नसेल तर सायकली मुक्या असतात.

मग शेताकडे पाहा. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की कापूस वेचणीच्या दोन फेऱ्यांमध्ये चार दिवस सापडतात. तूर सोंगायला आली की पुन्हा नाही. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी असेल तर लाइट त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे आधी पाहा. घरी एक माणूस ढोरांसाठी राहणारच. कोण राहणार हे आठ दिवस आधी ठरवा आणि त्या माणसाला पुढच्या सहलीचं पक्कं वचन द्या. आमच्याकडे निघायच्या सकाळी हा वाद व्हायचा आणि तासभर तिथंच जायचा.

जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार टाळाच. धुकं आणि धबधबे पाहायला अमरावती, अकोला, नागपूर सगळीकडची गर्दी तेव्हाच घाटात असते. गाड्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. लहान लेकरू आणि मधुमेहाचं माणूस गाडीत असेल तर ते हाल पाहवत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी, आणि जमलं तर सोमवार ते गुरुवार, ही आमची निवड.

तपासा: प्रदर्शनाची तारीख मालकाकडून पक्की झाल्याशिवाय वरच्या खोलीचे पैसे भरू नका.

टप्पा २ : माणसं, गाडी, खोली

सात माणसांच्या गाडीत सातच माणसं. "लेकरं मांडीवर बसतील" हे सपाटीवर चालतं. घाटात प्रत्येक वळणाला मांडीवरचं लेकरू दारावर आपटतं. माणसं जास्त असतील तर दोन गाड्या करा किंवा तरण्या पोरांना एसटीने पाठवा. खरं तर एसटीचा विचार सगळ्यांनीच करावा. ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं आणि बायकांना अर्धं तिकीट. आमच्यासारख्या घरात खर्च निम्म्यावर येतो. आधार कार्ड मात्र हातातल्या पिशवीत हवं. सामानात खोल ठेवलेलं कार्ड कंडक्टर समोर उभा असताना सापडत नाही.

गाडी भाड्याने करत असाल तर ड्रायव्हरला एकच विचारा, "घाटात चालवली का याआधी?" गाडी नवी की जुनी ते नंतर.

कोण कुठं बसणार हे घरीच ठरवा. ज्याला गाडी लागते ते पुढे. गुडघेदुखीचं माणूस मधल्या सीटवर दाराजवळ. मागच्या सीटवर लेकरू आणि म्हातारं कधीच नको, तिथं हिसके सगळ्यात जास्त बसतात.

खोली आधी घ्या. चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी हॉटेलं आणि लॉजही आहेत. फोनवर तीन गोष्टी विचारा: तळमजल्याची खोली मिळेल का, कमोड आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, उकिडवं बसता येत नाही. एका वर्षी हे विचारायचं राहिलं आणि दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. जेवलं की जावं लागेल म्हणून. त्या कोणाला काही बोलल्याही नाहीत. मला घरी आल्यावर कळलं आणि अजून वाईट वाटतं.

टप्पा ३ : आदल्या रात्रीची तयारी

शिदोरी पहिल्या दिवसाच्या दोन वेळांचीच. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, संत्री. रस्सा नको, दही नको, उकडलेली अंडीही नकोत, बंद गाडीत वास कोंडतो आणि ज्याला लागणार नसते त्यालाही गाडी लागते. संत्र्याची साल फेकू नका, घाटात मळमळ झाली की हुंगायला ती बरी पडते.

कपड्यांत सगळे चुकतात. चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. आपल्या सपाटीपेक्षा तिथं दिवसाही चार-पाच अंश कमी असतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते. आपल्याकडची दुपार पाहून भरलेली बॅग तिथं कामाची नाही. प्रत्येकाला स्वेटर, कानटोपी, पायमोजे. म्हाताऱ्यांना घरची एक जाड चादर वेगळी, कारण लॉजचं ब्लँकेट पुरतंच असं नाही.

औषधं दोन ठिकाणी ठेवा: रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात, आणि एक जादा पाळी तुमच्या पर्समध्ये. गाडी लागण्याची गोळी लेकरांना किती द्यायची हे डॉक्टरला आधी विचारून चिठ्ठीवर लिहून आणा. ओकारी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही. ती घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते.

आता ती गोष्ट, जी कोणीच नेत नाही. घरातला जुना सायकलसोबतचा फोटो, सायकलची पावती, नगरपालिकेचा सायकल-कराचा पितळी बिल्ला, जुनी घंटी, काहीही. पेटी उघडा, माळा पाहा. आमच्या माळ्यावर मामाजींच्या डायनॅमोचा दिवा निघाला, काच फुटलेली. तो कापडात गुंडाळून नेला. प्रदर्शनातल्या माणसाने तो हातात घेतला आणि त्या क्षणापासून आम्ही पाहुणे राहिलो नाही.

तपासा: आधार कार्ड, रोख पैसे, गोळ्या, स्वेटर, टॉर्च, चार प्लॅस्टिक पिशव्या आणि जुना फोटो. हे सात हाताला लागल्याशिवाय झोपू नका.

टप्पा ४ : निघणं

सकाळी सातला गाडी हलली पाहिजे. म्हणजे आंघोळी साडेसहाच्या आत. घरून चहा-पोहे खाऊन निघा, वाटेत नाश्त्याला थांबलात की पाऊण तास गेला. प्रदर्शन तालुक्याला असो की अमरावतीला, दार उघडताना तुम्ही तिथं हवेत. पहिल्या तासात गर्दी नसते आणि मालकाचा घसा शाबूत असतो.

टप्पा ५ : प्रदर्शनात

इथं दोन तास द्या, कमी नको. आणि तीन फेऱ्या करा, याच क्रमाने.

पहिली फेरी, हात मागे. सगळ्यांनी, मोठ्यांनीसुद्धा. फोन खिशात. फक्त चालत जायचं. लेकरांना दारातच सांगा की घंटी वाजवायची नाही, पायडल फिरवायचं नाही, सीटवर बसायचं नाही. जुनं पायडल उलटं फिरवलं तर चेन उतरते, स्टँडवरची एक सायकल कलंडली तर रांगेतल्या सगळ्या जातात. वारसा वगैरे शब्द लेकरांना कळत नाहीत. "या माणसानं हे दहा वर्षं पुसून ठेवलं" एवढं सांगितलं की कळतं.

दुसरी फेरी आबाजींची. आता घरातलं म्हातारं माणूस पुढे, बाकी सगळे मागे. ते जिथं थांबतील तिथं थांबायचं. हा टप्पा लोक पार वाया घालवतात, कारण प्रश्न चुकीचा विचारतात. "आबाजी, कशी होती तुमची सायकल?" याला उत्तर येतं, "बरी व्हती." झालं. माणूस गप्प. प्रश्न हाताला लागेल असा विचारा:

पंक्चर झाली तर कोण काढायचं, आणि पैसे नसले तर काय द्यायचे?
रात्री दिवा नसताना पोलिसांनी कधी पकडलं का?
पावसात काळ्या मातीच्या रस्त्याने सायकल कशी न्यायचे?
दांडीवर कोण बसायचं, करियरवर कोण?
कॅन दोन्हीकडे सारखे नसले तर तोल कसा धरायचे?

काळ्या मातीच्या प्रश्नावर मामाजी पंधरा मिनिटं बोलले. मडगार्ड आणि टायरमध्ये चिखल असा भरायचा की चाक फिरायचंच नाही, मग काडीने उकरत, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन. "मी सायकलवर कमी बसलो, सायकल माह्यावर जास्त," असं म्हणाले. माझ्या मुलाने हे कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

सावध: या वेळी फोन काढून त्यांच्या तोंडासमोर धरू नका, माणूस लगेच आखडतो. फोन खिशाच्या वरच्या बाजूला ठेवून नुसता आवाज टिपा. चित्रं तिसऱ्या फेरीत.

तिसरी फेरी, बारकाव्यांची. आता जवळ जा आणि लेकरांना शोधायला लावा. काय शोधायचं ते माहीत नसेल तर सगळ्या सायकली सारख्याच काळ्या दिसतात.

सुरुवात पुढच्या पाटीपासून, हँडलखालच्या नळीवर असते ती. रॅलेवर बगळ्याचं डोकं, बी. एस. ए.वर एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण ती कंपनी मुळात बंदुका बनवायची. हंबरचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या, पाहा: दोन्ही बाजूंना एकेक जाड नळी नसून दोन-दोन बारीक नळ्या असतात. एकदा दाखवलं की सहा वर्षांचं पोट्टंही लांबून हंबर ओळखतं. मग देश शोधा. इंग्लंडहून आलेली आहे, की आसनसोलच्या सेन-रॅलेची, की १९४९ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या टी. आय. सायकल्सची? हर्क्युलिस दोन्हीकडची सापडते, म्हणून नुसतं नाव वाचून थांबू नका, खाली काय कोरलंय ते वाचा.

मग ब्रेक. जुन्या सायकलींना तार नसते, सळ्या असतात. हँडलची मूठ दाबली की सळी वर ओढली जाते आणि रबराचे गुटके रिमला आतून, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने, घासतात. मालकाला विनंती करून एकदा दाबून दाखवायला सांगा. बोटाने सळीचा प्रवास वरून खाली दाखवा. ज्या लेकराला हे कळलं त्याला पुढे बरंच यंत्र कळतं.

दिव्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ द्या. कार्बाइडच्या दिव्यात दोन कप्पे असतात, वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे. पाणी थेंब थेंब खाली पडतं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो जळतो. पाण्याची चकती फिरवून ज्योत कमी-जास्त व्हायची. डायनॅमो त्यानंतरचा, टायरला घासून वीज करणारी छोटी बाटली. मालकाने मागचं चाक स्टँडवर उचलून पायडल फिरवलं आणि दिवा लागला, तर लेकरं तिथून हलत नाहीत. फिरवा म्हणा, पण तुम्ही फिरवू नका.

मागच्या चाकाच्या मध्यभागी हब जाडजूड दिसलं तर त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव आहे का पाहा. आत सहसा तीन गिअर असतात. त्या हबवर बहुधा वर्षाचे दोन आकडे आणि महिना कोरलेला असतो. ५४ आणि ८ दिसलं तर ते हब ऑगस्ट १९५४ चं. लेकरांना हा खेळ फार आवडतो. पण लक्षात ठेवा, ते वर्ष हबचं आहे, सायकलचं असेलच असं नाही. हब नंतर बदललेलं असू शकतं.

बायकांची सायकल शोधा. दांडी खाली वाकवलेली, चेन पूर्ण झाकलेली, आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी, कपडा आऱ्यांत अडकू नये म्हणून. आत्याबाई तिथं थांबल्या, जाळीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मले कोनी शिकवलीच नाही." मी दुसऱ्या महिन्यात मुलीला शिकवली.

शेवटी, मूळची आणि रंगवलेली यातला फरक. मूळ रंग कडांना घासलेला असतो, नळीवरच्या सोनेरी रेघा तुटक असतात, चामड्याच्या सीटला बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे असतात. सगळंच एकसारखं चकाकत असेल, रेघा नाहीत, पाटीच्या कडेवर रंग चढलाय, तर ती पुन्हा रंगवलेली. त्यात वाईट काही नाही. पण मालकाला "ही खोटी आहे का?" असं विचारू नका. "मूळ रंग ठेवलेली कोणती?" असं विचारा. तो स्वतःहून सगळं सांगेल, आणि ज्या सायकलीकडे कोणी पाहत नाही, त्या गंजक्या कोपऱ्यातल्या सायकलीपाशी तुम्हाला नेईल.

नेहमीच्या चुका: सीटचं चामडं ओल्या बोटाने घासून पाहणं. "केवढ्याला देता?" हा प्रश्न दारातच विचारणं. आणि "आमच्याकडे याहून जुनी आहे" असं घरी नसलेल्या सायकलीबद्दल सांगणं.

तपासा: निघण्याआधी मालकाला विचारून आबाजींचा एक फोटो काढा, त्यांच्या सायकलीसारख्या सायकलीशेजारी उभं करून. बसवून नाही.

टप्पा ६ : परतवाड्याचा थांबा

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, अंजनगावकडून आलात तर त्याहून कमी. दुपारी एकच्या सुमारास इथं पोचा. थांबा पाऊण तासाचा, आणि कामं याच क्रमाने करा: आधी सगळ्यांचं बाथरूम, मग गाडी लागणाऱ्यांची गोळी, मग हलकं जेवण, मग डिझेल-पेट्रोल. टाकी इथंच भरा, वर मिळेल या भरवशावर राहू नका. टायरची हवा आणि ब्रेक ड्रायव्हरला दाखवायला लावा. रोख पैसे इथंच काढा. वर मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

पोटभर जेवू नका. शिदोरी उरली तर उरली.

टप्पा ७ : घाट

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. कोणती मोकळी आहे हे परतवाड्यात एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. नकाशा वेळ दाखवतो, पडलेली दरड दाखवत नाही. दोनपर्यंत निघालात तर चारच्या आत वर पोचता. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात या घाटात नवख्या माणसाने गाडी घालू नये. हा मेळघाट आहे, रस्त्यावर सांबर, रानगवा येऊ शकतो.

चालवणाऱ्यासाठी: चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम उतरताना पाळा. आंधळ्या वळणाला हॉर्न. वळणावर ओव्हरटेक नाही आणि फोटोसाठी थांबणंही नाही. धुकं असेल तर दिवा खालचा, वरचा दिवा धुक्याची भिंत आणखी पांढरी करतो.

बसणाऱ्यांसाठी: फोन बंद, नजर लांबवर. मळमळ सांगायला लेकरं लाजतात, म्हणून आधीच सांगून ठेवा की हात वर केला की गाडी पहिल्या मोकळ्या जागी थांबेल. ती खरंच थांबवा.

सावध: माकडं गाडीजवळ येतात. काच वर, खाऊ आत. त्यांना चारू नका, पुढच्या गाडीतल्या लेकराच्या हातातून ती हिसकतात.

टप्पा ८ : वर पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी एकच ठिकाण. माझ्या मते पंचबोल, कारण तिथं लेकरांना ओरडायला मिळतं आणि दरी ओरडणं परत देते, म्हाताऱ्यांना नुसतं उभं राहून ऐकता येतं. मग खोलीवर, गरम जेवण आणि झोप. सगळे पॉइंट पहिल्याच संध्याकाळी उरकणारी घरं मी पाहिली आहेत. ती दुसऱ्या दिवशी अकराला उठतात.

दुसऱ्या सकाळी घर दोन गटांत वाटा, न वाटल्याने रुसवे होतात. चालणाऱ्यांनी सातला गाविलगडावर जावं. किल्ला मोठा आहे, पूर्ण होत नाही, दोन-अडीच तासांत जेवढा होईल तेवढाच. दरवाज्यावरचं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचं, शिल्प लेकरांना शोधायला लावा, कालची शोधायची सवय अजून ताजी असते. गवतातून आडवाटेला शिरू नका, पायात बूट हवेत, आणि प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, आत काही मिळत नाही. न चालणाऱ्यांनी उन्हात चहा घ्यावा, मग शक्कर तलाव किंवा बागेत बसावं. त्यांच्याजवळ एक तरणं माणूस ठेवा. म्हाताऱ्यांना एकटं बसवून सगळे किल्ल्यावर गेले, असं व्हायला नको.

दहानंतर सगळे मिळून भीमकुंड आणि देवी पॉइंट. हिवाळ्यात धबधब्याला धार बारीक असते, लेकरांना आधी सांगा म्हणजे हिरमुसत नाहीत. कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. फोटोसाठी तर मुळीच नाही.

मेळघाटची जंगल सफारी यात कोंबू नका. तिला वन विभागाची वेगळी नोंदणी आणि पूर्ण सकाळ लागते.

खवा आणि रबडी घ्यायची तर अगदी निघताना घ्या आणि त्याच दिवशी संपवा. इथली कॉफीही घ्या, ती टिकते.

टप्पा ९ : उतरणं

दोनला निघा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, ज्या गिअरमध्ये चढली साधारण त्याच गिअरमध्ये उतरवायची, नाहीतर ब्रेक तापून सुटतात. जळका वास आला तर मोकळ्या जागी अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. गोळी उतरतानाही लागते, जातानाच दिली होती म्हणून सोडू नका. सपाटीला लागल्यावर चहा, त्याआधी नाही.

टप्पा १० : घरी आल्यावर आठ दिवसांत

सहलीनंतर प्रत्येक घरी कोणीतरी गोठ्यातली जुनी सायकल बाहेर काढतं आणि उत्साहात तिचा सत्यानाश करतं. सॅंडपेपर, बाजारातला काळा रंग, झालं. तसं करू नका. क्रम असा:

१. आधी आहे तशी चारही बाजूंनी चित्रं काढा. पाटी आणि सीटखालचा नंबर वेगळा.
२. कोरड्या कापडाने धूळ पुसा. गंजावर रॉकेलचा हलका हात, रेघा आणि पाटी सोडून. चामड्याच्या सीटला रॉकेल आणि पाणी दोन्ही नको.
३. अडकलेले नट जोर लावून फिरवू नका. तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग नेमक्या मापाचा पाना. पायडलच्या कॉटर पिनवर, म्हणजे पायडलचा दांडा आसाला धरणाऱ्या खिळीवर, हातोडी मारायची नाही, ते काम जुन्या मेकॅनिकचं.
४. सायकल जमिनीवरून उचलून ठेवा, लाकडी ठोकळ्यावर किंवा आढ्याला टांगून. युरियाच्या पोत्याजवळ कधीच नको, खत लोखंड खातं.
५. प्रदर्शनात टिपलेला आवाज ऐकून एक पान लिहा: सायकल कोणी घेतली, केव्हा, कशासाठी वापरली. ते प्लॅस्टिकमध्ये घालून दांडीला बांधा.

आमच्या हर्क्युलिसच्या पानावर शेवटची ओळ मामाजींनी स्वतः सांगितली, मुलाने लिहिली: "पावसाळ्यात हिला मी नेलं, उन्हाळ्यात हिनं मला."